सरळ पायांचा राक्षस

राक्षस लंगडाच का असतो?

असं एका पोरानं विचारलं होतं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. अजूनपर्यंत दिलेलं नाही. त्या पोराची ही गोष्ट. हुंकार देत राहा बरं का, हुंकाराशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

तर, एक होती बहीण आणि एक होता भाऊ. बहिणीचं नाव सोनकी, भावाचं नाव बारकू. आईबाप साथीत गेले तेव्हा सोनकी परकरी पोर होती आणि बारकू तर रांगतही नव्हता. सोनकीचा डावा पाय जन्मापासून आखूड. चालली की एक पाय ठप वाजायचा आणि दुसरा मागून फरफटत यायचा. ठप... खर्र. ठप... खर्र.

घरात पाळणा नव्हता. मग सोनकी बारकूला पाठीशी फडक्यानं बांधायची आणि अंगणात फेऱ्या मारायची. दर पावलाला तिचं अंग एका बाजूला झुकायचं आणि परत सावरायचं. झालाच की झोका! दुसऱ्या पोरांना पाळणे होते, बारकूला सोनकी होती. थोड्याच वेळात पोरगं गाढ झोपायचं. झोपलं तरी सोनकी त्याला लगेच खाली ठेवायची नाही. एक फेरी जास्तीची मारायची. का, तर झोप मुरायला पाहिजे म्हणून.

आता त्या गावाची एक रीत होती. पिकं घरात आली की गावात सोंगं निघायची. लाकडाचे मोठाले मुखवटे तोंडाला बांधून माणसं नाचायची. आधी देवांची सोंगं, मग राजाचं, मग वाघाचं. आणि सगळ्यात शेवटी राक्षसाचं. ढोलाची चाल बदलायची. पोरं आयांच्या पदरात शिरायची. आणि राक्षस यायचा. एक डोळा फुटलेला, पाठीवर गाठोड्याचं कुबड आणि एक पाय ओढत ओढत. ठप... खर्र.

मग सगळं गाव त्याला ढेकळं मारत वेशीबाहेर काढायचं. राक्षस गेला, की वर्ष सुखाचं. ढेकळं नांगरलेल्या शेतातली असायची, मऊ. अंगावर पडली की फुटून माती व्हायची. दगड मारायचा नाही, अशी रीत होती.

सोनकी सोंगं बघायला कधी गेली नाही. दार लोटून भाकऱ्या थापत बसायची.

आणि दुसऱ्या दिवशी काय व्हायचं? सोनकी पाण्याला निघाली की पोरं तिच्यामागं पाय ओढत चालायची. "राक्षशीण आली, राक्षशीण आली!" एखादं ढेकूळही यायचं. मग बारकू धावायचा. त्याचं सगळंच असं. आधी हात, मग विचार. एकदा त्यानं एका पोराचा कान असा चावला की त्या पोराची आई घरापर्यंत भांडत आली.

मग बारकूला वाटलं, चावून काही होत नाही. विचारूनच टाकावं.

तो गेला लाडकूबाबाकडं. लाडकूबाबा गावाचे मुखवटे कोरायचा.

"लाडकूबाबा, राक्षस लंगडाच का असतो?"

"माझा बाप तसाच करायचा. त्याचा बापही तसाच करायचा. सरक, माझ्या उजेडात उभा आहेस."

मग तो गेला पाटलाकडं. पाटील चार माणसांत बसला होता.

"पाटील, राक्षस लंगडाच का असतो?"

"अरे येड्या, लंगडा नसला तर पोरांना कळणार कसं, राक्षस कोण ते?"

आणि चौघं जण पोट धरून हसले.

मग तो घरी आला. सोनकी चुलीपाशी होती.

"बाय, राक्षस लंगडाच का असतो गं?"

सोनकीचा हात थांबला. मग म्हणाली, "भाकरी करपतेय." भाकरी करपत नव्हती. बारकूनं बघितलं होतं.

झोपलात का? नाही ना? मग ऐका, आता पाव्हणा येतो.

एके दिवशी गावात एक परका माणूस आला. काय त्याचं रूप! उंच, गोरापान, डोक्याला पांढरं पागोटं, दोन्ही पाय कसे सागाच्या खांबासारखे सरळ. बोलणं म्हणजे पोळ्यातून मध गळावा तसं. बाया म्हणाल्या, देवच उतरला. पाटलानं त्याला आपल्या बाजेवर बसवलं.

पहिल्यांदा आला तेव्हा तो विहिरीचं ओंजळभर पाणी प्यायला. "काय गोड पाणी आहे हो तुमचं," म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी विहीर आटली. तळाला नुसती भेग. गाव जमलं. विहिरीवर शेवटी कोण आलं होतं? सोनकी आली होती, पाय ओढत. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं गोठ्यातल्या गाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "काय लक्ष्मी आहे हो," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी एकही गाय थेंबभर दूध देईना. वासरं हंबरून हंबरून थकली. एक बाई म्हणाली, "काल गोठ्यामागं ठप खर्र ऐकलं बाई मी." तिनं काही ऐकलं नव्हतं. पण तिला वाटलं, ऐकलं असेल.

तिसऱ्यांदा आला तो बत्तासे घेऊन. सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. बारकू मोठा झाला होता, तरी तोही गेला. बत्ताशाला कोण नाही म्हणतं? पाव्हण्यानं पाटलाच्या नातवाला, हिरूला, मांडीवर घेतलं आणि त्याच्या पापण्यांवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या पोराच्या. मग तिसऱ्याच्या. "काय गोड झोप आहे हो पोरांच्या डोळ्यांत," म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून गावात एकही लहान पोर झोपेना. अंगाई म्हणून बघितली, खसखस देऊन बघितली. पोरांचे डोळे उघडे ते उघडेच. आधी पोरं रडली. मग त्यांचं रडायचं बळही गेलं. नुसती बघत पडायची, लाल डोळ्यांनी. झोप नाही म्हणजे जीव किती दिवस राहणार?

सोनकीनं बारकूला जवळ बोलावलं. "बारकू, त्या पाव्हण्याच्या पावलांना आवाज नाही."

"म्हणजे गं?"

"अरे, मी जन्मभर दुसऱ्यांची पावलं ऐकलीत. मागून कोण नक्कल करतंय, कोण मारायला येतंय, मला न बघता कळतं. तो वेशीवरच्या पंगाऱ्याच्या झाडाखालून गेला. वाळल्या पाल्यावरून गेला. पाला वाजला नाही."

बारकू हसला. हसला बरं का! तोंडात बत्ताशाची चव होती अजून. "तो? बाय, तुझं काहीतरीच. देवमाणूस आहे तो. थांब, मीच जाऊन खरा राक्षस धरून आणतो. मग बघतो तुझ्याकडं कोण बोट दाखवतं ते."

"जाऊ नको रे. मला एकटीला टाकून जाऊ नको."

पण आधी पाय, मग विचार. कोयता घेतला आणि पळाला रानात.

आणि रानात त्यानं काय शोधलं, सांगा बघू? एक पाऊल खोल आणि एक पाऊल फरफटलेलं, अशी वाट शोधली. लंगडा राक्षस शोधला! ज्यानं साऱ्या गावाला विचारलं होतं, राक्षस लंगडाच का असतो, तोच लंगड्या पावलांचा माग काढत चालला होता.

वाटेत भेटला पाव्हणा. झाडाला टेकून उभा.

"कुठं रे निघालास, शूरवीरा?"

"राक्षस धरायला. लंगडा आहे. तुम्ही बघितला का?"

"बघितला तर. तिसऱ्या डोंगरापलीकडं गेला. आणि घरी कोण आहे तुझ्या?"

"बहीण आहे. एकटीच आहे. तिला धड पळता येत नाही, म्हणून तर मला घाई आहे."

असं सांगितलं त्यानं. आपल्या तोंडानं सांगितलं. वर हात जोडले, राम राम केला.

पाव्हणा गोड हसला. "सांभाळून जा हं," म्हणाला.

पहिल्या डोंगरावर कुणी नव्हतं. दुसऱ्या डोंगरावर कुणी नव्हतं. तिसऱ्या डोंगरापलीकडं नुसता वारा होता. तिथून त्याला खाली गाव दिसलं, आणि ढोल ऐकू आला.

सोंगांचे दिवस तर अजून लांब होते. मग ढोल कसला?

ती चाल त्याला माहीत होती. राक्षसाला वेशीबाहेर काढायची चाल.

बारकू कसा खाली आला, ते त्यालाही कळलं नाही. वेशीपाशी सगळं गाव होतं. पाटील होता, ढोलवाला होता, बाया होत्या, कडेवर लाल डोळ्यांची पोरं होती. आणि पाव्हणा होता, बांधावर बसलेला, शेजारी टोपली. टोपलीतून एकेकाला ढेकूळ देत होता. "घ्या हो. तुम्ही घ्या. पोरांसाठी करायचंय, लाजू नका." ढेकळं वरून मातीची होती आणि आत दगड होता. हातात घेतल्यावर वजन कळतं की नाही? कळतं. प्रत्येकाला कळलं होतं. तरी मारलं.

सोनकी पंगाऱ्याखाली पडली होती. ढोल तरी वाजतच होता. ढोलवाल्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून वाजवत होता.

बारकूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती एवढंच म्हणाली, "त्याच्या पायांकडं बघ."

बारकूनं बघितलं. पाव्हणा उठून इकडंच येत होता, वाळल्या पाल्यावरून. पाला वाजत नव्हता.

मग बारकूनं खाली बघितलं, बहिणीला सांगायला, की बाय, तू खरं बोलत होतीस. ती ऐकायला नव्हती.

थांबा. जरा पाणी पिऊ द्या.

हं. मग बारकू ओरडला. "तो आहे राक्षस! त्याला धरा!" लोक म्हणाले, "पोराचं डोकं फिरलं दुःखानं. अरे, त्याचे दोन्ही पाय सरळ आहेत की!" बारकू कोयता घेऊन धावला, तर चौघांनी त्याला दाबून धरलं. पाव्हणा म्हणाला, "मारू नका हो, लहान आहे." बघा! आणि लोक म्हणाले, काय मोठं मन आहे.

पण पोरं काही झोपली नाहीत. राक्षशीण काढली, तरी झोप येईना, दूध येईना, पाणी येईना. मग लोक म्हणू लागले, अजून कुणीतरी आहे गावात. आणि शोधू लागले. कुणाची मान वाकडी आहे, कुणाला पोक आहे. आणि नेमकं त्याच दिवसांत लाडकूबाबाच्या डोळ्यात लाकडाची ढलपी उडाली. एक डोळा गेला.

लाडकूबाबा पाणी शोधायला निघाला, तर बाया वाटेतून बाजूला झाल्या. पोरं पळाली. म्हातारा घरी आला आणि त्यानं भिंतीवरच्या राक्षसाच्या मुखवट्याकडं बघितलं. एका डोळ्याचा मुखवटा. त्यानंच कोरलेला.

बारकू त्याच्या दारात आला. म्हणाला, "बाबा, मला मुखवटा करायला शिकवा."

"कुणाचा?"

"राक्षसाचा. पण खरा."

म्हाताऱ्यानं कोरायची पटाशी काढून त्याच्या हातात दिली.

बारकूनं पंगाऱ्याचं लाकूड आणलं. त्याच पंगाऱ्याचं. पहिला मुखवटा मधोमध चिरला. दुसरा बोकडासारखा झाला. लाडकूबाबा म्हणाला, "हा राक्षस पाला खाईल फार तर." तेवढं एकदाच दोघं हसले, आणि मग बारकू रडला. तिसरा मात्र झाला. गोरा रंग, हसरे ओठ, पांढरं पागोटं. बघणाऱ्यानं पायाच पडावं.

सोंगांचा दिवस आला. गाव जमलं, पण कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. देव नाचून गेले, राजा गेला, वाघ गेला. ऊन उतरायला लागलं. ढोलाची चाल बदलली. सगळ्यांनी ढेकळं उचलली. लाल डोळ्यांची पोरं आयांना बिलगली. आता येणार! ठप... खर्र. आता येणार!

आणि आलं एक देखणं सोंग, दोन्ही पायांवर सरळ चालत. बारकू अनवाणी होता आणि असं हलकं चालत होता की पाऊल वाजू नये.

कुणी ढेकूळ मारलं नाही. उलट वाट दिली. एका बाईनं घरात जपून ठेवलेलं होतं नव्हतं ते घोटभर पाणी त्याच्यापुढं केलं. पाटील बाजेवरून उठला, "या, बसा," म्हणाला. आणि नातवाला त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "महाराज, याच्या डोक्यावर हात ठेवा."

मुखवट्याच्या आतून आवाज आला, "मी राक्षस आहे."

लोक हसले. "असा कुठं राक्षस असतो?"

"मी ओंजळभर पाणी प्यायलो, तुमची विहीर आटली. मी गाईंवरून हात फिरवला, तुमचं दूध गेलं. मी या पोराच्या पापण्यांना बोट लावलं. माझी पावलं वाजत नाहीत, तेही तुम्हाला कळलं नाही. आणि तुम्ही मला बाजेवर बसवलंत. तुम्ही माझ्या टोपलीतले दगड घेतलेत. आताही बसवलंत. पोर माझ्या मांडीवर दिलंत."

कुणी हसेना. पाटलानं झडप घालून नातवाला ओढून घेतलं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या. कारण पाव्हणा पुढच्याच रांगेत बसला होता. इकडं तोच चेहरा, तिकडं तोच चेहरा.

पाव्हणा उठला. गोड हसला. "सोंग आहे हो, सोंगाचं काय मनावर घ्यायचं? येतो मी."

तेव्हा हिरू आज्याच्या खांद्यावरून बोलला. कितीक दिवसांत बोललं नव्हतं ते पोर. म्हणाला, "पाय वाजव की."

पंगाऱ्याची सगळी पानं गळून वेशीवर पडली होती. ढोल थांबला. सगळ्या गावानं श्वास रोखला. पाव्हण्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पाला वाजला नाही.

आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि तो फिरला, पाठमोरा झाला. आजवर त्याची पाठ कुणी नीट बघितलीच नव्हती. तर मागून तो नव्हताच! पाठ नाही, डोकं नाही, काही नाही. पुढून चेहरा आणि मागून मुखवट्यासारखा पोकळ. एवढ्याला सगळं गाव देव म्हणत होतं. बायांनी तोंडावर हात घेतले. तो चेहरा पाल्यावर पडला आणि हलका, कवचासारखा, वाऱ्यानं गडगडत निघून गेला. कुणी ढेकूळ मारलं नाही. मारायचं कशाला? आत कुणी नव्हतंच.

विहिरीत पाणी खळाळलं. गोठ्यात गाई पान्हावल्या. गाव सुखानं नांदायला लागलं. तिथं आजही सोंगं निघतात, आणि राक्षस दोन्ही पायांवर सरळ चालत येतो, आणि पोरांना विचारतात, सांगा, यानं कुणाचं काय नेलं?

सगळे सुखानं नांदले. सोनकी नाही नांदली. दुसऱ्या गोष्टींत मेलेलं माणूस शेवटी उठून बसतं. या गोष्टीत नाही.

पण त्या संध्याकाळी एक राहिलं होतं. पाव्हणा गेला, तरी पोरं झोपेनात. झोप परत आली होती, पण त्यांना झोपायचं कसं तेच आठवेना. हिरू लाल डोळ्यांनी बारकूकडं बघत होता.

पाटील बारकूसमोर येऊन उभा राहिला. त्याला मान वर करवेना. म्हणाला, "माझ्याही हाताला वजन कळलं होतं रे. मारायचं तर मार."

बारकूनं हात उचलला. खरंच उचलला होता. मारणारच होता. आधी हात, मग विचार. हात वर होता आणि पोर बघत होतं.

मग त्या हातानं त्यानं हिरूला उचललं. सोनकीचं फडकं कमरेला होतं, त्यानं पोराला पाठीशी बांधलं. आणि चालायला लागला. आपले दोन्ही पाय धड असून एक पाय आखूड धरला, ओढला. एका बाजूला झुकला, परत सावरला. वाळला पाला वाजायला लागला.

ठप... खर्र. ठप... खर्र.

बाया रडायला लागल्या. हिरूचे डोळे मिटले.

मग दुसरं पोर घेतलं. मग तिसरं. लंगडून लंगडून बारकूचा पाय सुजला, तरी गावातलं एकेक पोर त्यानं पाठीवर घेतलं. ज्यांच्या आयांनी दगड मारले होते, त्यांचीही घेतली. शेवटचं पोर अगदी तुमच्याएवढं होतं. डोळे मिटा बघू, म्हणजे ते कसं झोपलं ते कळेल. हं, असे. आता पाय वाजतील, तर घाबरायचं नाही. बारकूला मागून बारीक श्वास ऐकू आला. पोर झोपलं होतं. तरी त्यानं ते लगेच खाली ठेवलं नाही. ठप... खर्र... त्यानं एक फेरी जास्तीची मारली.